आठ वजिरांचं ‘अचूक उत्तर’ एकच नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर आठ वजिरांचं कोडं आलं होतं. वजीर आडवा, उभा आणि तिरका कितीही घरं मारतो; बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर असे आठ वजीर मांडायचे की एकही दुसऱ्याच्या माऱ्यात येणार नाही. पुढच्या रविवारी त्याची एक आकृती ‘अचूक उत्तर’ म्हणून छापून आली आणि तिच्याखाली अचूक उत्तर पाठवणाऱ्यांची नावं. आमच्या वाचनालयातल्या चार मुलांनी उत्तरं पाठवली होती. त्या यादीत चौघांपैकी एकाचंही नाव नाही. चौघांचीही उत्तरं बरोबर आहेत, म्हणून हे पत्र.

मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात ग्रंथपाल आहे. पावसाळ्यात आमचं वाचनालय मुलांनी भरलेलं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, खेळायला अंगण नाही, आणि गावात पत्र्याखाली कोरडी राहणारी मोठी खोली म्हणजे आमचीच. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून कॅरमपेक्षा बुद्धिबळाचा पट आधी पळवला जातो. एका संचात वजीर दोनच, त्यामुळे या कोड्यासाठी मुलांनी काजूच्या बिया वापरल्या. आठ बिया आणि चौकटीची वही, एवढ्यावर सगळं काम झालं.

तुमच्या सोयीसाठी उत्तरं आकड्यांत लिहिते. पटाच्या उभ्या पट्ट्या डावीकडून मोजायच्या आणि प्रत्येक पट्टीतला वजीर खालून कितव्या घरात आहे तो आकडा लिहायचा. आपण छापलेली आकृती अशी होते : १५८६३७२४. आमच्या मुलांची उत्तरं : ८४१३६२७५, २५७१३८६४, २५७४१८६३ आणि ३५२८१७४६.

हे तपासायला पटही लागत नाही. आठही आकडे वेगळे असले की एका आडव्या ओळीत दोन वजीर नाहीत. मग प्रत्येक आकड्यात त्याच्या जागेचा क्रमांक मिळवा, पहिल्यात १, दुसऱ्यात २, असं आठपर्यंत. आठ बेरजा वेगळ्या आल्या तर एका दिशेच्या तिरक्या रेघांवर टक्कर नाही. मग क्रमांक वजा करा. आठ वजाबाक्याही वेगळ्या आल्या की दुसरी दिशा मोकळी. आमच्या शेवटच्या उत्तरावर करून पाहा. बेरजा ४, ७, ५, १२, ६, १३, ११, १४ येतात आणि वजाबाक्या २, ३, उणे १, ४, उणे ४, १, उणे ३, उणे २. एकही आकडा पुन्हा आलेला नाही. पोस्टकार्डावर आलेलं कुठलंही उत्तर आपल्या कचेरीत या रीतीने मिनिटाभरात तपासता येईल.

यातलं पहिलं उत्तर, ८४१३६२७५, सातवीतल्या मुलीचं आहे. आपल्या आकृतीच्या खालच्या कडेला आरसा उभा धरला तर त्यात जे दिसेल तेच हे. म्हणजे छापलेलं उत्तर बरोबर ठरलं आणि त्याचंच प्रतिबिंब यादीबाहेर राहिलं. यादी वाचून ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “बाई, माझां चुकलां काय?” मी तिला वरच्या तिन्ही तपासण्या करायला लावल्या. तिचं तिलाच पटलं. पण पेपरात छापलेल्या शब्दाचं वजन गावात फार असतं, आणि तिच्या घरी अजूनही पेपरच बरोबर मानला जातो.

या कोड्याची उत्तरं ९२ आहेत. ही संख्या आजची नव्हे. १८४८ साली मॅक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने हा प्रश्न एका बुद्धिबळ मासिकात विचारला. १८५० मध्ये फ्रान्झ नाउक यांनी लाइपझिगच्या एका सचित्र साप्ताहिकात उत्तरं दिली, आधी ६० आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ९२. गणितज्ञांचा राजा म्हटले जाणारे गाउस यांनीही हा प्रश्न हाती घेतला होता आणि त्यांची मजल ७२ उत्तरांपर्यंत गेली होती. पुढे १८७४ मध्ये गुंथर आणि ग्लेशर या गणितज्ञांनी निश्चयकांच्या, म्हणजे चौकोनी कोष्टकावरून एक किंमत काढण्याच्या, रीतीने मोजणी केली, तेव्हा ९२ या आकड्यावर शिक्कामोर्तब झालं.

या हकिकतीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एक मांडणी सापडणं ही या प्रश्नाची सुरुवात आहे. ती बिया इकडेतिकडे सरकवूनही सापडते. खरी परीक्षा ‘किती?’ या प्रश्नात आहे, आणि त्याच्याही पुढे ‘एकही सुटलेली नाही हे कशावरून?’ या प्रश्नात. गाउससारख्या माणसाकडूनही वीस सुटल्या होत्या. आपल्या पानाने मुलांना हा दुसरा प्रश्न विचारावा, एवढं एकच मागणं घेऊन मी लिहिते आहे. आमच्या मुलांनी पाऊसभर जे केलं ते सांगितलं तर हे मागणं पोकळ नाही हे आपल्या लक्षात येईल.

सुरुवात हत्तींपासून केली, कारण हत्ती सरळ जातो. आठ हत्ती एकमेकांच्या माऱ्यात न येता किती प्रकारे बसतील? पहिल्या पट्टीत आठ घरं मोकळी. हत्ती कुठेही ठेवा, दुसऱ्या पट्टीत सात उरतात, तिसरीत सहा. आठ गुणिले सात गुणिले सहा करत एकपर्यंत गेलं की ४०,३२०. मांडणी एकही न काढता मोजणी पुरी झाली, आणि काही सुटलेलं नाही याची खात्रीही त्या गुणाकारातच आहे. पाचवीतल्या मुलांनाही हे कळलं.

मग त्यांनी दोनच मोहऱ्यांचा प्रश्न घेतला, आणि इथे आम्ही बरेच दिवस रमलो. ६४ घरांतून दोन घरं निवडण्याचे २,०१६ प्रकार आहेत. त्यातले किती प्रकार टकरीचे? दोन हत्तींच्या टकरी ४४८, म्हणून बिनटकरीच्या मांडण्या १,५६८. दोन उंटांच्या टकरी २८०, उरल्या १,७३६. वजीर म्हणजे हत्ती आणि उंट एकत्र, म्हणून त्याच्या टकरी ४४८ अधिक २८०, म्हणजे ७२८. उरल्या १,२८८. ही बेरीज जमली तेव्हा पोरांनी बाकं वाजवली, आणि मी त्यांना गप्प केलं नाही. राजाच्या टकरी शेजाऱ्यांपुरत्या, आडव्या ५६, उभ्या ५६ आणि तिरक्या ९८, मिळून २१०.

घोड्याची टक्कर मोजताना मात्र सगळे अडले. घोडा अडीच घरं जातो असं आपण म्हणतो, पण मोजायचं कसं? घराघरातून मोजलं की कडेला वेगळं, मध्ये वेगळं, आणि एकच जोडी दोनदा येते. शेवटी एका आठवीतल्या मुलाने पाहिलं की घोड्याची प्रत्येक उडी दोन बाय तीन घरांच्या आयतात बसते, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत. अशा प्रत्येक आयतात दोनच उड्या. पटावर आडवे आयत ४२, उभे ४२, एकूण ८४. म्हणून टकरी १६८ आणि दोन घोड्यांच्या निर्धोक मांडण्या १,८४८. बेझेल यांनी कोडं विचारलं ते साल आणि हा आकडा एकच. निव्वळ योगायोग आहे, हे मुलांनाही ठाऊक आहे, पण त्यामुळे ते साल आता त्यांच्यातला कुणी विसरणार नाही.

उंटांचं उत्तर आम्हाला होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांनी दिलं. ते दुपारी पेपर वाचायला येतात. पटावर जास्तीत जास्त किती उंट बसतील यावर वाद चालला होता. एका दिशेला तिरक्या रेघा १५, प्रत्येकीवर एकच उंट, म्हणजे १५ च्या वर नाहीत. पण त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या रेघेवर एकेकच घर आहे, पटाचे समोरासमोरचे कोपरे, आणि ते दोन्ही कोपरे दुसऱ्या दिशेच्या सर्वांत लांब रेघेवर येतात. दोघांत एकच बसणार, म्हणून १४. इथवर मुलं आली होती. १४ उंट बसवायचे तर ते सगळे पटाच्या कडेच्या घरांतच ठेवावे लागतात. अशा मांडण्या किती, हे मात्र निघेना. काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कडेच्या एका घरापासून तिरकी रेघ ओढली. ती पलीकडच्या कडेला पोचली, तिथून वळवली, आणि चार वळणांत रेघ निघाली होती त्याच घरात परत आली. “ही तर चौकट हा,” ते म्हणाले. कोपरे सोडून कडेची २४ घरं अशा सहा चौकटींत वाटली जातात. प्रत्येक चौकटीत समोरासमोरचे दोन उंट ठेवायचे, ते दोन प्रकारे. दोन लांब कर्णांच्या टोकांना एकेक उंट, तेही प्रत्येकी दोन प्रकारे. असे आठ दोन एकमेकांशी गुणले की २५६. वाचनालयाच्या पटावर त्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. मी त्या पुसू देत नाही.

घोडे ३२ बसतात, सगळे पांढऱ्या घरांवर किंवा सगळे काळ्या. प्रकार दोनच. राजांचं पुन्हा वेगळं. आंब्याची कलमं लावताना प्रत्येकाभोवती जागा सोडावी लागते तशी राजाभोवती सगळीकडून एकेक घर सोडावं लागतं. पटाचे दोन बाय दोनचे १६ खण पाडले तर एका खणात एकच राजा मावतो, म्हणून राजे १६. इतकं सोपं वाटणाऱ्या या मांडणीचे प्रकार मात्र २,८१,५७१ आहेत. हा आकडा मी मुलांना सांगितला. तो आमच्या वहीत मावणारा नव्हता.

आणि मग वजीर. हत्तीची रीत वजिराला का चालत नाही, हे मुलांनीच हुडकलं. पहिला हत्ती कुठेही ठेवला तरी दुसऱ्या पट्टीत सातच घरं उरतात. वजीर कोपऱ्यात ठेवला तर पुढच्या पट्टीत सहा उरतात, मध्ये ठेवला तर पाच. पुढे तर प्रत्येक वजिराच्या तिरक्या रेघा एकमेकींवर पडतात आणि किती घरं मोकळी राहतील ते आधीच्या सगळ्यांवर अवलंबून राहतं. म्हणून कुठल्याही आकाराच्या पटाला लावता येईल असं वजिरांचं नेमकं सूत्र आजवर कुणाला सापडलेलं नाही. लहान पट घेतले तरी आकडे सरळ वाढत नाहीत. दोन बाय दोन आणि तीन बाय तीनच्या पटावर एकही मांडणी नाही. चार बाय चारवर २, पाच बाय पाचवर १०, सहा बाय सहावर पुन्हा उतरून ४, सात बाय सातवर ४०, आणि मग आपले ९२. पट मोठा झाला आणि उत्तरं कमी झाली, हे मुलांना अजिबात खरं वाटेना. सहाचा पट त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. चारच निघाल्या.

मोजण्याची रीत एकच आहे. पहिल्या पट्टीत खालच्या घरापासून सुरुवात करायची, पुढच्या पट्टीत जे पहिलं निर्धोक घर मिळेल तिथे वजीर ठेवायचा, अडलं की एक पाऊल मागे येऊन तो वजीर वर सरकवायचा. एकही फांदी न वगळता असं शेवटपर्यंत गेलं की काही सुटण्याची शक्यताच राहत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये संगणकाची आज्ञावली शिस्तीत कशी लिहावी हे दाखवायला याच कोड्याचं उदाहरण घेतलं होतं. आमच्याकडे पाऊस लागला की वीज नसते आणि संगणक वाचनालयात एकच, म्हणून मुलांनी ते वहीवर केलं. निम्मं काम आरशाने वाचवलं. पहिला वजीर खालच्या चार घरांत ठेवून मिळणाऱ्या मांडण्या मोजल्या की वरच्या चार घरांच्या तेवढ्याच. कोपऱ्यापासून ४, दुसऱ्या घरापासून ८, तिसऱ्यापासून १६, चौथ्यापासून १८. एकूण ४६, दुप्पट ९२. आपण छापलेली आकृती कोपऱ्यापासूनच्या चारांतली एक आहे.

पट फिरवून किंवा आरशात पाहून मिळणाऱ्या मांडण्या एकच धरल्या तर मूळ मांडण्या १२ उरतात. अकरांपासून प्रत्येकी आठ रूपं मिळतात आणि एकीपासून चारच, म्हणून ८८ अधिक ४. ती एकटी निराळी मांडणी, अर्धा फेरा फिरवली तरी जशीच्या तशी राहणारी, आमच्या मुलांच्या उत्तरांत आहे. ३५२८१७४६ हीच ती. ज्या मुलाने ती पाठवली त्याचे वडील होडीवर खलाशी आहेत. त्याला या मांडणीचं वेगळेपण आधी माहीत नव्हतं. पट उलटीकडून पाहणाऱ्या मित्राला तो म्हणाला, “तुझ्याकडून पण तसांच दिसता.” आपण त्याचं उत्तर यादीबाहेर ठेवलंत तेव्हा हे तुमच्या हातातून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

हा प्रश्न जुना असला तरी शिळा झालेला नाही. २०१६ मध्ये ड्रेस्डेनला प्रॉयसर आणि एंगेलहार्ट यांनी सत्तावीस बाय सत्तावीसच्या पटावरच्या वजिरांच्या मांडण्या मोजून काढल्या. तो आकडा अठरा अंकी आहे : २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८. २०२१ मध्ये मायकेल सिमकिन या गणितज्ञाने दाखवलं की पट खूप मोठा असेल तेव्हा एका बाजूच्या घरांची संख्या ०.१४३ ने गुणायची आणि आलेल्या संख्येचा त्या घरांइतकाच घात करायचा, की मांडण्यांचा अंदाज मिळतो. अंदाजच, नेमकं उत्तर नव्हे. आमच्या सातवीतल्या मुलीने तो आठच्या पटाला लावला. १.१४४ चा आठवा घात जेमतेम तीनच्या आत आला आणि ती माझ्यावर रागावली. मोठ्या पटाचा नियम लहान पटाला का लागत नाही, हे तिला अजून मान्य नाही. तिचं ते न मानणं मला आवडतं.

तेव्हा माझी विनंती अशी की येत्या रविवारी आपण ‘या कोड्याची उत्तरं ९२ आहेत’ असं स्पष्ट छापावं, सोबत आकड्यांची ती तपासणी द्यावी, आणि ज्या मुलांची उत्तरं छापील आकृतीशी न जुळल्यामुळे बाजूला पडली ती सगळी पुन्हा तपासून त्यांची नावं प्रसिद्ध करावीत. आमचीच चार असतील असं नाही. मालवण, राजापूर, गुहागर, कुठकुठून कार्डं आली असतील. प्रत्येक कार्डामागे एक मूल आहे आणि त्यातल्या पुष्कळांनी ‘आपल्याला गणित जमत नाही’ असं ठरवून टाकलं असेल.

पुढचं कोडं घालताना ‘मांडून दाखवा’ एवढंच न म्हणता ‘किती प्रकारे, आणि सगळे प्रकार आले हे कशावरून’ असं विचारावं. बक्षीस आकड्याला न देता कारणाला द्यावं. आकडा मोबाईलवर मिळतो. हवं तर सुरुवातीला हा प्रश्न घ्या : आठ हत्ती असे मांडायचे की कुणी कुणाच्या माऱ्यात नाही आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णावर एकही हत्ती नाही. किती मांडण्या? उत्तर मी इथे लिहीत नाही. पाचवीतल्या मुलाला तीनच्या आणि चारच्या पटावर ते हाताने काढता येतं, बारावीतल्या मुलाला आठच्या पटावर विचार करायला लावतं, आणि साहित्य म्हणून फक्त चौकटीचा कागद लागतो.

आणखी एक अडचण आहे. आपली रविवारची पुरवणी आमच्या गावात दुपारच्या एसटीने येते, टपाल सोमवारी निघतं, आणि उत्तरं बुधवारपर्यंत पोचायला हवीत असं आपल्या पानावर लिहिलेलं असतं. पावसात घाट बंद झाला की तेही जमत नाही. आठ वजिरांच्या वेळी मुलांची कार्डं वेळेत पोचली ती गावातल्या एका काकांनी देवगडला जाऊन टाकली म्हणून. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत वाढवली तर किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलांना दोन दिवस विचार करायलाही मिळतील. चौघांच्या वह्यांतल्या पानांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. ९२ मांडण्यांची पूर्ण यादी हवी असल्यास कळवावे, मुलं स्वच्छ अक्षरात लिहून पाठवायला तयार आहेत.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
(ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग)